घरच्या घरी गाडीचं स्टेअरिंग व्हील बदलताय? आधी खूण करा, मग नट खोला

बाबांच्या गाडीचं स्टेअरिंग चिकट झालं होतं. म्हणजे किती, तर मे महिन्यात दुपारी गाडी घरासमोर उन्हात दोन तास उभी राहिली की हात लावल्यावर काळा रंग तळहाताला यायचा, मग बाबा त्यावर रुमाल गुंडाळून चालवायचे. रुमाल सरकतो. वळणावर हात सटकला एकदा, काही झालं नाही पण मी बाजूला बसले होते आणि मला चांगलंच धस्स झालं. त्याच आठवड्यात ठरवलं की स्टेअरिंग व्हील बदलायचं आणि घरीच बदलायचं, कारण त्याआधी एकदा मामेभावाच्या जुन्या गाडीचं मी बदललं होतं, त्यात एक चूक केली होती आणि ती चूक काय होती ते मला आता नीट कळलं होतं.

ती चूक आधीच सांगते, कारण सगळा लेख त्याच्याभोवतीच आहे. स्टेअरिंग व्हील एका नटावर असतं. एकच नट, मधोमध. तो खोलला की व्हील निघतं, हे इतकं सोपं दिसतं की माणूस घाई करतो. मी शाफ्टवर, म्हणजे व्हील ज्या दातेरी दांड्यावर बसतं त्यावर, खूण न करता व्हील उपटलं, नवीन बसवलं, नट आवळला, आणि गाडी कॉलनीच्या बाहेर काढली तर चाकं सरळ आणि स्टेअरिंग डावीकडे कललेलं, आणि उजवीकडचा इंडिकेटर वळण झाल्यावर आपोआप बंद व्हायचा तो होईना. पुन्हा सगळं खोललं. काढणं हे काम नाहीच, काढलं तिथेच, त्याच दातावर परत बसवणं हे काम आहे. बाकी सगळं त्याची तयारी.

आता पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, माझ्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला एअरबॅग आहे का? मारुती ८०० वगैरे जुन्या गाड्यांत नसायची, मधल्या काळात फक्त वरच्या मॉडेलला असायची, आणि १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नवीन कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. म्हणजे त्यानंतरची गाडी असेल तर आहेच धरून चाला. जुनी असेल तर स्टेअरिंगच्या मधल्या पॅडवर एसआरएस (SRS) किंवा एअरबॅग असं कोरलेलं बघा, आणि चावी फिरवल्यावर मीटरमध्ये बसलेला माणूस आणि समोर गोळा असा लाल दिवा काही सेकंद पेटून विझतो का ते बघा. विझत नसेल, पेटलेलाच राहत असेल, तर घरी काही करू नका, आधी तो दोष दाखवून घ्या, नाहीतर नंतर कळणारच नाही की दोष जुना होता का तुमच्या हातून झाला.

एअरबॅग नसलेली गाडी असेल तर हे काम एका सकाळचं आहे आणि नवशिक्याने बिनधास्त करावं. एअरबॅग असेल तर करता येतं, मी केलंय, पण खाली लिहिलेलं एकही वाक्य गाळायचं नाही. आणि ज्यांना वाचून झाल्यावरही पोटात गोळा येतोय त्यांनी मेकॅनिककडून करून घ्या, समोर उभं राहून बघा, त्यातही शिकायला मिळतं.

सामान घेताना

व्हील त्याच मॉडेलचं आणि त्याच सालाच्या आसपासचं घ्यायचं. बाहेरून सारखं दिसतं पण आतले दात वेगळे असतात, हॉर्नचा पिन वेगळा असतो, एअरबॅग अडकवायच्या जागा वेगळ्या असतात, गाण्याचे बटण असतील तर त्याची वायर वेगळी. जुन्या व्हीलच्या मागे पार्ट नंबर असतो, तो फोटो काढून दुकानात दाखवा. सेकंडहँड व्हील चालेल, पण वाकलेलं नाही ना आणि मधले दात घासलेले नाहीत ना हे बोट फिरवून बघायचं, दात धारदार आणि एकसारखे लागले पाहिजेत. एअरबॅग मात्र भंगारातून घेऊ नका, कधीच नाही, ती कुठल्या अपघातातून आली, ओली झाली होती का, काही कळत नाही. आपली जुनी एअरबॅग चांगली असेल तर तीच नव्या व्हीलवर चढते.

आणि ते लहान गोल रेसिंग टाइपचं व्हील, बिनएअरबॅगचं, दिसायला झकास असतं हे मान्य, पण एअरबॅगवाल्या गाडीला ते लावणं म्हणजे स्वतःच्या छातीसमोरची गादी काढून तिथे लोखंड ठेवणं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने जशी गाडी दिली त्यात असा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला दर बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं.

अजून एक, जर व्हील नुसतं चिकट किंवा फाटलेलं असेल आणि बाकी ठीक असेल तर दोऱ्याने शिवायचं लेदरचं कव्हर सीट कव्हरवाले बसवून देतात, ते घट्ट बसतं, सरकत नाही, आणि नट खोलायची गरजच पडत नाही. बाबांच्या गाडीत आतली रिमच एका जागी तडकली होती म्हणून मला बदलावंच लागलं.

हत्यारं अशी लागतील: बॅटरीसाठी १० चा पाना, मधल्या नटासाठी गोटी पाना (बहुतेक १७, १९, २१ किंवा २२, गाडीप्रमाणे), रॅचेट आणि एक्स्टेन्शन, एअरबॅगसाठी स्टार की (टी-३० बऱ्याच ठिकाणी लागते) किंवा पातळ चपटा स्क्रूड्रायव्हर, स्टेअरिंग पुलर (घट्ट बसलेलं व्हील ओढून काढणारं हत्यार), टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराइतकाच नट आवळता येतो असा), मास्किंग टेप, एक जुनी गोधडी आणि नेलपॉलिश. नेलपॉलिश खरंच. मार्करची रेघ ग्रीसवर पुसली जाते, नेलपॉलिश वाळली की बसते. आत्याची लाल होती, तीच वापरली. पुलर मी इंदूरच्या सियागंज बाजारातून घेतला, हार्डवेअरवाल्याने आधी विचारलं कशासाठी पाहिजे, सांगितल्यावर तो म्हणाला, "बैटरी पहले निकालना बेटा, बाकी सब बाद में." बरोबर बोलला. टॉर्क पाना विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा, देतात.

खोलायच्या आधी गाडी चालवून बघा

हे कोणी करत नाही आणि करायलाच पाहिजे. सकाळी लवकर, ट्रॅफिक नसताना, आमच्या इंदूरच्या सुपर कॉरिडॉरसारख्या सरळ रुंद रस्त्यावर गाडी नेऊन ४० च्या स्पीडने सरळ चालवा आणि बघा की स्टेअरिंग सरळ आहे का आधीच थोडं कललेलं आहे. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून कडेला जरा उतरता असतो, त्यामुळे डाव्या लेनमध्ये गाडी थोडी डावीकडे ओढणारच, म्हणून शक्य असेल तेव्हा मधल्या सपाट पट्ट्यात बघा. जर स्टेअरिंग आधीच कललेलं असेल तर तो व्हीलचा दोष नाही, अलाइनमेंटचा आहे, टाय रॉडमधून (पुढच्या चाकांना वळवणाऱ्या दांड्या) सुटतो. लोक काय करतात, व्हील काढलंच आहे तर एक दात फिरवून सरळ बसवू म्हणतात. नका करू. शाफ्टला समजा ३६ दात असले तर एक दात म्हणजे १० अंश, तुमचा दोष असेल ४ अंशांचा, मग तो इकडून तिकडे जाईल फक्त. आणि इंडिकेटर बंद करणारी खुंटी, एअरबॅगची वायर, सगळं त्या मधल्या जागेवर जुळवलेलं असतं ते बिघडतं ते वेगळंच.

घरी येऊन गाडी सपाट जागी लावा, शेवटचे दहा-पंधरा फूट एकदम सरळ आणा म्हणजे पुढची चाकं नाकासमोर राहतील. हँडब्रेक लावा. गाडी जॅकवर उचलू नका, टायर जमिनीवर असले तर तेच शाफ्टला धरून ठेवतात, उचलले तर स्टेअरिंग मोकळं फिरतं. आमच्या ओटल्यासमोरची जागा बरोब्बर सपाट आहे म्हणून मी तिथेच केलं, बाबा खुर्ची टाकून बसले होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देत होता.

बॅटरी

चावी बंद करून काढा. बोनेट उघडा, निगेटिव्ह टर्मिनल (काळी वायर, वजा खूण) १० च्या पान्याने ढिलं करून काढा आणि कापडात गुंडाळून बाजूला दाबून ठेवा, म्हणजे स्प्रिंगसारखं उसळून परत टेकणार नाही. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम बॅटरी काढल्यावर कोड मागते, तो कोड आधी शोधून ठेवा.

आता थांबायचं. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये कपॅसिटर असतो, अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी एअरबॅग फुटावी म्हणून तो थोडा वेळ करंट धरून ठेवतो. काही कंपन्या ९० सेकंद म्हणतात, काही तीन मिनिटं, काही त्याहून जास्त. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो कमीत कमी समजा. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबले, आत जाऊन पोहे खाऊन आले. इथे घाई करून कोणाचं काही भलं होत नाही, ती पिशवी साधारण ३० मिलिसेकंदात फुगते, पापणी लवायच्याही आधी, आणि तुमचं तोंड नेमकं तिच्यासमोर असतं.

बिनएअरबॅगच्या गाडीत पण बॅटरी काढा, नाहीतर हॉर्नची वायर बॉडीला लागली की सगळी गल्ली जागी होते.

मधलं पॅड काढणं

एअरबॅग नसेल तर सोपं. काही व्हीलमध्ये हॉर्नचं पॅड बोटांनी कडेने ओढलं की निघतं, काहींमध्ये मागून दोन-तीन स्क्रू असतात. हॉर्नची एकच वायर असते, पिन ओढून काढा. हॉर्नचा मामला असा की बटण दाबलं की ती वायर अर्थ होते आणि रिले ओढला जातो, व्हीलच्या मागे पितळेची गोल चकती असते आणि त्यावर स्प्रिंगवाला पॉइंट घासत राहतो. चकती काळी पडली असेल तर आत्ताच बारीक पॉलिश पेपरने साफ करून घ्या, पुन्हा ही जागा कधी उघडणार नाही.

एअरबॅगवाल्या गाडीत, आधी गाडीच्या बॉडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा, अंगातली स्टॅटिक निघून जाते, थंडीत स्वेटर घालून काम करत असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा. मग व्हीलच्या मागे किंवा बाजूला बघा, तिथे एकतर दोन स्टार बोल्ट असतात, किंवा छोटी भोकं असतात ज्यात स्क्रूड्रायव्हर घालून आतली स्प्रिंग दाबायची. बोल्ट ढिले होतात पण पूर्ण बाहेर पडत नाहीत, ते तसेच असतात, जबरदस्ती ओढू नका. भोकं गाठायला व्हील पाव वळण फिरवावं लागलं तर चावीवाल्या गाडीत चावी घालून लॉक सोडवा (बॅटरी काढलेली आहे, करंट येत नाही), फिरवा, काम झालं की परत सरळ आणा.

पॅड हळूच पुढे घ्या, दोन-तीन इंच, त्याहून जास्त नाही, कारण मागे वायर आहेत. पिवळा कनेक्टर दिसेल. गाडीत पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की समजायचं हा एअरबॅगचा आहे. त्यावर लॉक असतो, बहुतेक वेगळ्या रंगाची छोटी जीभ, ती नखाने किंवा पातळ स्क्रूड्रायव्हरने वर उचलायची आणि मग कनेक्टर सरळ ओढायचा, वायरला धरून नाही, कनेक्टरला धरून. हॉर्नची पिन वेगळी असेल ती पण काढा.

आता एअरबॅग हातात आहे. तिचं बाहेरचं तोंड, म्हणजे ज्या बाजूवर कंपनीचा लोगो असतो, ते तुमच्या अंगापासून लांब ठेवून चाला. ठेवताना लोगो वर, आकाशाकडे. उलटी ठेवली आणि फुटली तर ती रॉकेटसारखी उडते. उन्हात नाही, स्वयंपाकघरात नाही, लहान मुलं जातील तिथे नाही. तिच्यावर काही ठेवायचं नाही. आणि मल्टिमीटर लावून तिचा रेझिस्टन्स मोजायची हौस तर बिलकुल करू नका, मीटरचा तेवढा करंटही तिला पेटवायला पुरू शकतो. मी आतल्या खोलीत पलंगावर ठेवून दार लावून घेतलं आणि घरात सगळ्यांना सांगितलं.

खूण आणि नट

मधला नट आता समोर दिसतोय. पाना लावायच्या आधी नेलपॉलिश काढा.

शाफ्टच्या टोकावरून सुरू करून व्हीलच्या हबपर्यंत (व्हीलचा मधला, शाफ्टवर बसणारा भाग) एक बारीक सरळ रेघ ओढायची, नटाच्या कडेने जिथे शाफ्ट आणि हब दोन्ही दिसतात तिथे. काही शाफ्टवर कंपनीचा ठिपका किंवा खाच असते, काहींमध्ये एक दात मुद्दाम भरलेला असतो म्हणजे व्हील एकाच रीतीने बसतं, पण सगळ्यांत नसतं म्हणून रेघ हवीच. पाच मिनिटं वाळू द्या. मोबाइलने फोटो काढा, एक सरळ, एक वरून. आणि डॅशबोर्डवर व्हीलच्या सगळ्यात वरच्या बिंदूच्या समोर मास्किंग टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने रेघ मारा, नवीन व्हीलला तुमची लाल रेघ नसणार ना, त्याच्यासाठी ही दुसरी खूण.

नट खोलताना स्टेअरिंग लॉकवर जोर टाकायचा नाही. पुष्कळ जण चावी काढून व्हील लॉक करतात आणि मग रॅचेटवर लटकतात, त्याने आतली लॉकची खुंटी वाकते, तुटते, आणि मग भलताच खर्च. एका माणसाने दोन्ही हातांनी व्हील घट्ट धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा. आमच्याकडे बाबांनी धरलं. नट एकदा करकरला की पुढे सहज येतो.

पूर्ण काढू नका! तीन-चार आटे शाफ्टवर राहू द्या. कारण व्हील दातांवर घट्ट बसलेलं असतं, तुम्ही जोर लावता, लावता, आणि ते अचानक सुटतं, नट नसेल तर सरळ दातांवर येतं, शाफ्टच्या नाही, तुमच्या.

आधी हाताने हलवून बघा, डावा हात पुढे उजवा मागे असं आलटून पालटून ओढत. पुष्कळदा निघतं. नाही निघालं तर पुलर. हबला आटे असलेली दोन भोकं असतात, त्यात पुलरचे बोल्ट जातात आणि मधला स्क्रू शाफ्टवर टेकवून फिरवत गेलं की व्हील वर येतं. पण बोल्ट भोकात किती आत गेले ते मोजा, पाच-सहा आटे पुरतात, जास्त आत गेले तर मागच्या क्लॉक स्प्रिंगमध्ये (एअरबॅगच्या वायरीची डबी, तिच्याबद्दल पुढे सांगते) घुसतात आणि ती फुटते. मधल्या स्क्रूखाली एखादा वॉशर ठेवा म्हणजे शाफ्टचे आटे चेपत नाहीत.

हातोडी मात्र नको. शाफ्टवर हातोडी मारणं ही जुनी सवय आहे, अजूनही दिसते. स्टेअरिंगचा कॉलम अपघातात दबावा, छातीत घुसू नये, अशा रीतीने बनवलेला असतो, त्यात मुद्दाम कमजोर जोड असतात, हातोडीने ते आतल्या आत तुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

क्लॉक स्प्रिंग

एअरबॅगवाल्या गाडीत इथे सगळ्यात जास्त लोक चुकतात. व्हील निघालं की मागे एक काळी प्लास्टिकची गोल डबी दिसते, तिच्यातून वायरी बाहेर आलेल्या. ही क्लॉक स्प्रिंग. आत चपटी पट्टीची वायर घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, व्हील डावीकडे-उजवीकडे फिरतं तशी ती सुटते आणि गुंडाळते, आणि अशाने एअरबॅगला, हॉर्नला, बटणांना करंट मिळतो, वायर न तुटता. मधल्या जागेपासून दोन्हीकडे साधारण अडीच अडीच वेढे तिला मोकळे असतात. तुम्ही ती चुकून एक वेढा फिरवून ठेवली आणि व्हील चढवलं, तर एका बाजूला पूर्ण वळवल्यावर पट्टी ताणून तुटणार. कधी? लगेच नाही, पंधरा दिवसांनी पार्किंगमध्ये पूर्ण स्टेअरिंग कापताना. मग हॉर्न बंद, एअरबॅगचा लाल दिवा पेटलेला.

म्हणून व्हील वर येतानाच एक हात मागे घालून ती डबी धरा, वायरी व्हीलच्या भोकातून एक एक करून सोडवून घ्या, आणि व्हील बाजूला झाल्या झाल्या डबीचा फिरणारा भाग आणि स्थिर भाग यांच्यावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या आडव्या मारा. झालं, आता हलणार नाही. मी त्याच्यावरही नेलपॉलिशची एक रेघ मारली.

समजा हललीच. घाबरू नका, चाकं सरळ आहेत ना ते बघा, मग डबी बोटांनी एका दिशेला हळूहळू फिरवा, जिथे ती आपणहून अडेल तिथे थांबा, जोर नाही. मग उलट दिशेला मोजत फिरवा, दुसऱ्या टोकापर्यंत. जेवढे वेढे झाले त्याच्या निम्मे परत या. डबीवर बाण किंवा छोटी खिडकी असते, मध्यभागी आल्यावर बाण समोरासमोर येतात. नवीन क्लॉक स्प्रिंग बसवत असाल तर तिच्यात कंपनीची लॉकची पिन किंवा टेप असते, ती बसवून झाल्यावर काढायची, आधी नाही.

बसवणं

टेप काढा. नवीन व्हीलच्या भोकातून वायरी बाहेर ओढून घ्या, कुठे चिमटल्या जाऊ देऊ नका. व्हीलच्या मागे इंडिकेटर बंद करणाऱ्या खुंट्या किंवा क्लॉक स्प्रिंगच्या खुंट्या बसायच्या खाचा असतात, त्या जुळल्या की व्हील आत जातं, नाही जुळल्या तर बोटभर बाहेर राहतं. बाहेर राहिलं तर नट आवळून आत ओढू नका, काढून परत बघा. जुन्या व्हीलचा फोटो समोर ठेवा, डॅशबोर्डच्या टेपवरची रेघ आणि व्हीलचा वरचा बिंदू एका ओळीत आणा, दोन-तीन हात मागे जाऊन बघा, मागच्या सीटच्या मधोमध बसून बघा. मी त्या बाबतीत तीनदा काढून तीनदा बसवलं आणि तिसऱ्यांदा मन भरलं.

नट आधी हाताने, चार-पाच आटे, तिरका जात नाही ना बघत. कंपनीने नवीन नट वापरा म्हटलं असेल तर नवीनच घ्यायचा. मग टॉर्क पाना, दुसऱ्याने व्हील धरलेलं. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलचा, बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ३० ते ५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. अंदाज यावा म्हणून सांगते, ४० न्यूटन-मीटर म्हणजे एक फूट लांब पान्याच्या टोकाला साधारण १३-१४ किलो वजन टांगल्याइतका जोर, हे काही अंगातली सगळी ताकद नव्हे. जास्त आवळला तर आटे जातात, कमी आवळला तर व्हील डुगडुगतं. आमच्या शेजारचे काका पिथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात होते, ते तेवढ्यासाठी उठून आले आणि म्हणाले, "बेटा, नट झाला की त्याच्यावर आणि शाफ्टवर मिळून एक रेघ ओढ. आम्ही लाइनवर तसंच करायचो. रेघ तुटलेली दिसली की नट सरकला." ओढली.

आता एअरबॅग. कनेक्टर सरळ आत, खट् असा आवाज, मग लॉकची जीभ खाली. हॉर्नची पिन. पॅड सगळीकडून सारखं दाबून क्लिप बसवा किंवा स्टार बोल्ट त्यांच्या टॉर्कने आवळा. पॅडच्या भोवतीची फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे.

बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसायचं नाही, बाबा पण नाही. टर्मिनल लावा, मग खिडकीतून हात घालून, तोंड स्टेअरिंगसमोर न आणता, बाजूने चावी फिरवा. एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. एअरबॅग न जोडता मध्येच चावी फिरवायचा मोह झाला असेल आणि फिरवली असेल तर दिवा पेटून राहील, दोष मेमरीत बसतो, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारं यंत्र) लावूनच निघतो. ज्या गाडीत ईएससी (गाडी घसरू नये म्हणून आपोआप सांभाळणारी यंत्रणा) असतं त्यात स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर असतो, काहींमध्ये तो क्लॉक स्प्रिंगलाच जोडलेला असतो, तिथे ईएससीचा किंवा पॉवर स्टेअरिंगचा दिवा लागला तर स्कॅनरने झिरो पॉइंट करून घ्यावा लागतो, दहा मिनिटांचं काम आहे पण टाळू नका.

मग हॉर्न वाजवा. इंजिन चालू करून स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, कुठे घासल्याचा किंवा पट्टी ताणल्याचा आवाज येतो का कान देऊन ऐका, आणि पूर्ण वळवलेलं असतानाच हॉर्न परत वाजवा, दोन्ही टोकांना. डावा इंडिकेटर लावून वळवून परत आणा, आपोआप बंद झाला पाहिजे, मग उजवा. सगळे बटण. नंतर गल्लीतच पायी चालण्याच्या स्पीडने एक चक्कर, ब्रेक मारत, व्हील दोन्ही हातांनी पुढे-मागे हलवून बघत. त्यात डुगडुग बिलकुल नको.

त्यानंतर तोच सकाळचा रस्ता, तोच स्पीड. आमची गाडी सुपर कॉरिडॉरला नेली तेव्हा बाबांनीच चालवली, रुमाल खिशातच होता. व्हील सरळ. जर तुमचं आधीपेक्षा वेगळं कललेलं आलं तर समजा एक दात चुकला, परत बॅटरीपासून सुरू करा, रस्त्यातच खोलायला बसू नका.

बिनएअरबॅगच्या गाडीत आठवड्याने हॉर्नचं पॅड उघडून नटावरची ती रेघ बघा, जोडलेली आहे ना. एअरबॅगवाल्या गाडीत पॅड परत उघडायची गरज नाही, नुसतं व्हील वर-खाली, पुढे-मागे हलवून बघायचं, रोज गाडीत बसताना एकदा, आठ दिवस.